सुटलेल्या मरळीचं माप

जिंतूरच्या जुन्या स्टँडमागं माझं दुकान.
वहीत गिऱ्हाइकांची मापं :
छाती अडतीस, बाही साडेतेवीस,
खिसे दोन, शनिवारपर्यंत, ॲडव्हान्स शंभर.
आणि त्याच पानाच्या कडेला, तिरकं,
माझं नसलेलं अक्षर :
कटला. सतरा इंच. येलदरी. पोळ्याची कर.

मुंजाजी मासा घेऊन थेट दुकानातच यायचा,
ओल्या पायांनी, बेतलेल्या कापडावरून.
"बाबा, टेप द्या."
अरे, ह्याच टेपनं उद्या
नवरदेवाचा गळा मोजायचाय.
तो नुसता हसायचा. टेप द्यावीच लागायची.
मास्तर, टेपला वास येतो तुमच्या, लोक म्हणायचे.
मी म्हणायचो, पावसाळी हवा आहे.
वैशाखातही तेच म्हणायचो.

पहिला दोरा माझ्याच रिळाचा. तुटला.
मग परभणीहून नायलॉनचा आला.
तरंगा जवारीच्या ताटातल्या भेंडाचा,
आणि गळ म्हणजे सुई,
दिव्यावर लाल करून वाकवलेली.
दुकानातल्या सुया कमी व्हायच्या
अन् मी खाजामियाँवर डाफरायचो.
बिचारा खाली मान घालून काज करत राहायचा.
त्याला सगळं माहीत होतं.

शाळेत तासभर एका जागी न टिकणारं लेकरू
पूर्णेच्या काठी दिवसभर बसायचं.
शेजारचा बगळा कंटाळून उडून जायचा.
एकदा मी गेलो सोबत.
म्हणलं, काय बघतोस रे एवढं?
"हळू बोला बाबा, खाली ऐकू जातं."
त्या दिवशी काहीच लागलं नाही.
परतताना डब्यात उरलेली गांडुळं
त्यानं कुणाच्या तरी मळ्यात सोडली,
एकेक, बोटानं माती उकरून.
मी सायकल धरून उभा. अंधार पडत आलेला.

तेविसाव्या दिवाळीला शर्ट बेतताना
कंबर अडीच इंच वाढलेली.
मी म्हणलं, अंगाला लागायलंय आता खाल्लेलं.
ते पाणी होतं.
माप माझ्या हातात होतं
आणि मला वाचता आलं नाही.

मग मंगळवार-शुक्रवार परभणी, मशीनवर.
दिवसाला अर्धा लिटर, डॉक्टर म्हणाले,
चहा आणि वरण त्यातच धरा.
माय त्याला वाटीनं मोजून पाणी द्यायची
आणि स्वतःची तहान मोरीत जाऊन भागवायची,
नळ बारीक सोडून, आवाज न करता.
दुधनेच्या पुलावर एसटी आली
की तो काचेला कपाळ लावायचा.
पाण्याचा रंग बघून सांगायचा,
आज खवल्या वर आल्या असतील.

तो गेला तेव्हा लांबचे लोक विचारायचे,
बुडाला का? पाण्याचा नाद होता म्हणे.
मी नाही म्हणायचो.
पुढचं सांगत नसे.

परवा जुनी वही चाळत होतो.
एका पोलिसाच्या पँटीच्या मापाखाली :
मरळ. सुटली. एकतीस इंच.

आठवलं.
दोन्ही पंजे समोर धरून तो आत आला होता.
मधे काहीच नव्हतं.
येलदरीपासून तसेच धरून आणले होते म्हणे,
दोस्ताच्या मोटरसायकलवर मागं बसून,
खड्ड्याखड्ड्यांतून.
"मोजा बाबा लवकर, हलायच्या आत."
मी टेप लावली,
डाव्या पंजापासून उजव्यापर्यंत.
म्हणलं, खोटं बोलतोस लेका.
"बोलतो. तुम्ही लिहा तरी.
माझे हात गुंतलेत."

तेवढी एक नोंद माझ्या अक्षरात आहे.